चाळीस सेकंद

डबी मीच निवडली होती. हे आधी सांगून टाकते, कारण नंतरच्या दिवसांत मी उन्हाला, लाइटवाल्यांना, सासूबाईंना आणि एकदा तर माझ्या दुधालाही दोष दिला.

रुंजी अकरा आठवडे आधी जन्मली. दोन महिने काचेच्या पेटीत काढून घरी आली तेव्हा तिचं वजन होतं दोन किलो चारशे ग्रॅम, आणि तिच्यासोबत दवाखान्याने आम्हाला एक उघडा बोर्ड दिला होता. तळहातावर मावेल एवढा, हिरवा, मधोमध नखाएवढी काळी चिप, कडेला चपटा अँटेना. नर्सने तो रुंजीच्या झबल्यांच्या पिशवीतच ठेवला.

"याची डबी?" मी विचारलं.

"योजनेत बोर्ड लिहिलाय, डबी लिहिलेली नाही. बाजारातून घ्या. पण उघडा नका ठेवू हं."

इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांचा मेंदू मधूनच श्वास घ्यायला विसरतो. हा बोर्ड पाळण्याच्या दिशेने अगदी क्षीण लहरी सोडतो, त्या बाळाच्या छातीवरून परत येतात, आणि छाती अर्धा मिलिमीटर हलली तरी परतलेली लहर बदलते. एवढं जुनंच होतं. नवा शोध पुढचा. श्वास थांबण्याआधी त्याच्या लयीत एक बारीक अडखळ येते. ती माणसाला कळत नाही, असं आमचे डॉक्टर इंगोले म्हणाले. हजारो बाळांच्या श्वासांवर शिकलेल्या प्रोग्रॅमला मात्र कळते, साधारण चाळीस सेकंद आधी. इशारा वाजला की पाळण्याशी पोचायचं, आणि छाती मंदावली की लगेच तळपाय चोळायचा. बाळ दचकतं आणि श्वास घेतं. चाळीस सेकंदांत मी गॅस बंद करून, हात पुसून, न पळता तिच्यापर्यंत पोचू शकत होते.

मुलांच्या शरीराची माहिती घराबाहेरच्या संगणकात जाता कामा नये, असा कायदा झाल्यापासून ही आकडेमोड घरातल्या घरात करावी लागते. म्हणून हा बोर्ड. दवाखान्याला फक्त एक आकडा जायचा, इशाऱ्यानंतर श्वास मंदावेपर्यंत किती सेकंद मिळाले तो. बोर्डाच्या छोट्या पडद्यावरही तो दिसायचा. घरात आम्ही त्याला 'आगाऊ' म्हणायचो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भारती तायडे होती. कपाळावर चढवलेलं भिंग, बोटांना डाग, बोलणं तुटक. तिने माझ्यापुढे तीन डब्या मांडल्या.

"ही पंख्याची घ्या. अकोल्याच्या उन्हाळ्यात हीच बरी."

तिने पंखा लावून दाखवला. घर्रर्र असा बारीक आवाज.

"हा आवाज चोवीस तास?"

"चोवीस तास."

"मग मला तिचा श्वास कसा ऐकू येणार?"

"ताई, तुम्हाला ऐकत बसावं लागू नये म्हणून तर मशीन आहे."

तिचं खरं होतं. पण मी डबी खाली ठेवली. दुसरी पारदर्शक ॲक्रिलिकची, थरांवर थर रचायची, बाजूंनी मोकळी. तिच्यात मुंग्या शिरल्या तर? तिसरी ॲल्युमिनियमची. पंखा नाही, आवाज नाही. झाकणाच्या आत एक चौकोनी उंचवटा, तो मऊ थर्मल पॅडवरून चिपला टेकतो, चिपची उष्णता ओढून घेतो आणि अख्खी डबी ती हवेत सोडते. धातूतून लहरी जात नाहीत, म्हणून पुढच्या बाजूला प्लॅस्टिकची खिडकी. गुळगुळीत, जड, दागिन्यांच्या डबीसारखी बंद होणारी.

"हीच," मी म्हणाले.

"बसवून देऊ का?"

"नको, मी बसवते. मी फिजिक्सची आहे."

"बरं. उंचवटा चिपला नीट टेकला पाहिजे एवढं बघा."

खरं कारण वेगळंच होतं. त्या बोर्डाला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, असं मला वाटत होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर मी स्टीलचं ताट घेतलं, स्क्रू त्यात ओतले म्हणजे एकही घरंगळून जाणार नाही. चार पितळी पाय, आठ स्क्रू, एक पॅड. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रुंजीला मांडीवर घेऊन समोर बसल्या होत्या. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात आयुष्य गेलेलं. नात आली म्हणून त्या अकोल्याला आल्या होत्या.

डबीवर प्लॅस्टिकची निळी पन्नी होती, नव्या वस्तूवर असते तशी. बाहेरून आणि झाकणाच्या आतूनही. मी आतल्या पन्नीच्या कोपऱ्याला नख लावलं.

"पन्नी काहून काढतं व? राहू दे. नवी वस्तू हाय, चरे पडतीन."

आमच्या घरात फ्रिजच्या मुठीवरची पन्नी सहा वर्षांची आहे. रिमोट पन्नीत, वॉशिंग मशीनची बटणं पन्नीखाली, तुषारच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मोटरसायकलच्या सीटवरही पन्नी. एरवी मी यावरून आईंची थट्टा करते. पण त्या दिवशी मलाही वाटलं, राहू दे. ज्या वस्तूवर माझ्या लेकीचा जीव टांगलेला, तिच्यावर ओरखडा कशाला? मी कोपरा अंगठ्याने परत दाबून बसवला, झाकण लावलं, स्क्रू आवळले.

पहिल्या दिवशी आगाऊ आला एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. तुषार दाल मिलमधून आल्या आल्या विचारायचा, "आज किती?" क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा शांतपणे अंघोळ केली.

मग आकडा उतरायला लागला. चौतीस. एकोणतीस. मे महिन्याचा पारा सेहेचाळीसवर गेला. कूलरच्या वाळ्यावर मी तासातासाला पाणी मारत होते. पंचवीस. बावीस. पाळण्याजवळच्या डबीला मी दिवसातून दहादा हात लावून बघायची, तापली तर नाही ना म्हणून. ती नेहमी थंड असायची. तेवढाच दिलासा.

आकडा एकोणिसावर आला तेव्हा डॉक्टर इंगोलेंनी स्वतः फोन केला.

"मंजिरीताई, बाळ थकतंय असं दिसतंय. अडखळ आणि थांबणं यांतलं अंतर कमी होतंय. हे पंधराच्या खाली तीन दिवस राहिलं, तर नागपूरला पाठवावं लागेल."

"नागपूरला काय करणार?"

"मानेजवळच्या नसेला एक बारीक तार लावतात. मेंदू विसरला की ती तार आठवण करून देते."

"भूल देऊन?"

"हो."

"अडीच किलोच्या बाळाला?"

"म्हणून तर तीन दिवस थांबतोय."

त्या दिवसापासून मी घरात चालायचं सोडलं, पळायला लागले. पंधरा सेकंदांत स्वयंपाकघरातून पाळणा गाठता येत नाही, मोजून बघितलं होतं मी. म्हणून स्वयंपाक आईंकडे गेला आणि मी पाळण्याच्या दांड्याशी बसून राहिले. रुंजीकडे बघत होते असं नाही. पडद्याकडे बघत होते.

आणि रविवारी, आकडा सोळावर असताना, मला डबीवरचं ते कव्हर खुपलं.

आईंच्या हातात कायम क्रोशाची सुई. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या माठाला जाळीचा रुमाल. डबीसाठीही त्यांनी पांढऱ्या सुताचं कव्हर विणलं होतं, गुलाबी काठाचं, खिडकीच्या जागी बरोबर भोक ठेवून. पाळण्याशी बसून विणलेलं. ते डबीवर चढून चार दिवस झाले होते.

मी ते ओढून काढलं. "आई, हे कुणी घालायला सांगितलं? मशीनला घाम फुटला असेल आत!"

"धूळ बसते म्हून घातलं व. भोक ठेवलं ना समोर."

"तुमच्या हौशीपायी माझी पोरगी मारायची आहे का?"

हे मी बोलले. तुषार दारात उभा होता, त्याने ऐकलं. आईंनी कव्हर उचललं, चौकोनी घडी केली, पदराआड धरलं आणि आत गेल्या. त्यानंतर त्या पाळण्याजवळ फिरकल्या नाहीत. उंबऱ्याशी येऊन उभ्या राहायच्या, लांबूनच.

दुसऱ्या पहाटे आगाऊ आला अठरा. "बघ," मी तुषारला म्हणाले, "कव्हरच होतं." दुपारपर्यंत आकडा बारा झाला. मंगळवारी अकरा. बुधवारी सकाळी नऊ.

तुषारने गुरुवारची गाडी ठरवली.

"अजून एक दिवस थांबू या का?" मी म्हणाले.

"कशासाठी, मंजू? मशीन खोटं कशाला बोलेल? त्याला काय मिळणार आहे?" त्याने बॅगेत रुंजीच्या दुपट्यांच्या घड्या ठेवल्या. घड्या वाकड्या होत होत्या. तो परत परत उलगडून नव्याने घालत होता. "आणि आईला तसं बोलायला नको होतंस तू."

तो मिलमध्ये रजा सांगायला गेला. बुधवारची दुपार. बाहेर अठ्ठेचाळीस. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरची घरघर आणि पाळण्याची कुरकुर. मी पडद्याकडे बघत बसलेली. पाठीमागून आवाज आला.

"मुडपला पाह्य ओठ. आता थांबन ते."

आई उंबऱ्याशी उभ्या होत्या. हातात सुई, दोरा. मी चिडून म्हणाले, "आई, मशीन वाजलेलं नाही अजून."

"वाजन."

रुंजी स्वस्थ झोपलेली. अर्धं मिनिट होऊन गेलं तरी छाती वरखाली होत होती. मी मान वळवणार होते, तेवढ्यात इशारा वाजला. मी तिच्या पायाशी हात नेला. थोड्याच वेळात छाती मंदावली. तळवा चोळला. तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि श्वास घेतला. पडद्यावर आकडा उमटला: आठ.

माझ्या अंगावर काटा आला होता, पण आठमुळे नाही.

"आई, तुम्हाला आधी कसं कळलं?"

त्या आत यायला तयार नव्हत्या. "खालचा ओठ मुडपते ना ते. जरासाच. मंग थांबते. घरी आली तवापासून मी पाहून रायली."

"ओठ मुडपल्यावर किती वेळाने थांबते?"

"मले घड्याळातलं नाई सांगता येत." त्यांनी सुईवरचा दोरा दाखवला. "तीस टाके होतेत माह्ये."

"तीस? आज तीस झाले?"

"आज तीस. काल तीस. पह्यल्या दिवशी तुह्या डबीचं ते कव्हर विनत होती, तवाबी तीसच. एखांदा इकडेतिकडे."

मी उठून उभी राहिले. मग खाली बसले. मग परत उठले.

ओठ आणि थांबणं यांच्यातलं अंतर पहिल्या दिवसापासून तेच असेल, तर रुंजीत काहीच बदललेलं नव्हतं. ती थकत नव्हती. बदललं होतं ते मशीन. ते तिला उशिरा बघत होतं.

पुढच्या वेळी मी मोबाइलवर सेकंद लावले. ओठ मुडपला ते छाती मंदावली, त्रेचाळीस. त्यात मशीन वाजलं शेवटच्या आठ सेकंदांत. म्हणजे पस्तीस सेकंद ते मागे होतं. माझी मुलगी या क्षणी कशी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती मघाशी कशी होती, ते ते मला सांगत होतं. आणि मी चार दिवस तिच्याकडे पाठ करून त्याच्याकडे बघत बसले होते.

मी भारती तायडेला फोन लावला.

"चिप तापली की स्वतःला वाचवायला हळू चालते," ती म्हणाली. "छाती मंदावली ते लगेच कळतं, पण अडखळ ओळखायला श्वासांची रांग लागते तिच्यापुढे. प्रोग्रॅम रोज नवं शिकतो, काम रोज वाढतं, रांग रोज लांबते. डबीला हात लावा. चटका बसतो?"

"नाही हो. थंड आहे. मी रोज बघते. पहिल्यापासून थंडच आहे."

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भारतीताई?"

"ताई, ती डबी तापायलाच पाहिजे. तापण्यासाठीच असते ती. डबी थंड आहे म्हणजे चिपची उष्णता तिच्यापर्यंत पोचतच नाहीये. आत भाजतेय ती. उघडा."

फिजिक्सची होते ना मी. कॉलेजात कथिलाच्या कागदाने गुंडाळलेल्या दांड्याचं एक टोक तापवून दुसऱ्या टोकाचं तापमान मोजलेलं. उष्णता कुठून कुठे जाते यावर दहापैकी नऊ मार्क.

उघडायचं म्हणजे बोर्ड बंद करायचा. उघडणं, बघणं, लावणं, सुरू होऊन त्याने रुंजीचा श्वास परत ओळखणं. वीस मिनिटं. घरी आल्यापासून ती एक मिनिटही त्याच्याशिवाय झोपलेली नव्हती.

मी उंबऱ्याशी गेले.

"आई, आत या. मी मशीन बंद करते आहे. तुम्ही तिच्याकडे बघा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "मी? नको व माय. काही झालं त मंग?"

"तुम्हालाच दिसतं ते. मला नाही दिसत."

त्या पाळण्याशी बसल्या, सुई बाजूला ठेवली आणि रुंजीच्या छातीवर चार बोटं टेकवली. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. खोलीत अचानक कुणीतरी कमी झाल्यासारखं वाटलं.

ताट घेतलं. पहिला स्क्रू. पेचकस घामाने निसटत होता. दुसरा, तिसरा. चौथा आवळून बसला होता, मीच आवळलेला. झाकण उचललं.

चिपवर पॅड होता. आणि पॅड ते उंचवटा यांच्यामध्ये पन्नी होती. नखाएवढा तुकडा, करपून तपकिरी झालेला, मधोमध फुगून आलेला, खाली हवेचा बुडबुडा. एका कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, स्वच्छ दिसत होता.

"मुडपला," आई म्हणाल्या.

माझ्या हातात झाकण. दुसऱ्या हाताचं नख पन्नीखाली.

"मंजिरी, मुडपला ओठ. टाके मोजून रायली मी."

मी झाकण टाकून पळाले. ताट पडलं, स्क्रू फरशीभर झाले. आई पुटपुटत होत्या, चौदा, पंधरा. सुई हातात नव्हती, तरी बोटं हवेत टाके घालत होती. रुंजी स्वस्थ. वीस. मला वाटलं आईंचं चुकलं. वाटलं, मी केवढ्या भरवशावर हे बंद केलं. सव्वीस, सत्तावीस. बोर्ड असता तर मी पडद्याकडे बघितलं असतं, म्हणजे निदान तिच्याकडे बघावं लागलं नसतं. एकोणतीस.

छाती वर गेली, खाली आली, आणि तिथेच राहिली.

मी एक तळवा चोळला, आईंनी दुसरा. ओठांभोवती निळसर रेघ उमटली. "घे व, घे ना माय," आई म्हणत होत्या, "घे व माह्ये बाई." मी जोरात चोळलं. फार जोरात. टिचकी मारली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, कारण मोजायला तिथे कुणीच नव्हतं.

रुंजी रडली.

आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. आईंचा पदर ओला झाला होता. मग त्या गुडघ्यांवर सरकत सरकत स्क्रू वेचायला लागल्या. चारही सापडले, एक कूलरखाली. मी पन्नी सोलून काढली, आतली आणि बाहेरचीही. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तासाभरात डबीला हात लावला तर चटका बसला. दुपारी चारच्या उन्हात आगाऊ आला अडतीस. डॉक्टर इंगोलेंनी रात्रीपर्यंतचे आकडे मागवले आणि नागपूर रद्द केलं. तुषारने बॅगेतली दुपटी एकेक करून बाहेर काढली. आईंची माफी मी मागितली. "पन्नी मीच ठेवाले लावली ना व," एवढंच त्या म्हणाल्या. पण कोपरा दाबणारा अंगठा माझा होता.

भारतीला मी त्याच दिवशी कळवलं. तिने तशा सदतीस डब्या विकल्या होत्या. तिच्याकडे फोन नंबर होते बावीस जणांचे.

पुढच्या सोमवारी आम्ही रुंजीला घेऊन दवाखान्यात गेलो. बाकावर आमच्या शेजारी बाळापूरची एक जण होती, माझ्यापेक्षाही लहान. मांडीवरच्या बाळाच्या मानेला पांढरी पट्टी होती.

"झालं का ऑपरेशन?" आईंनी विचारलं.

"आठ दिवस झाले. चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. आवाज बसलाय त्याचा, रडतो तर ऐकू येत नाही. येईल म्हणतात." तिने पट्टीवरून बोट फिरवलं. "पण वेळेत कळलं, हेच नशीब. आकडा नवावर आला होता. मशीन नसतं तर..."

तिने पिशवीतून डबी काढली. गावातल्या दुकानातून घेतलेली असेल किंवा भारतीकडून, मला विचारवलं नाही. ॲल्युमिनियमची, कडा निळसर चमकणाऱ्या.

"बघा, पन्नीसुद्धा काढली नाही मी," ती म्हणाली. "नव्यासारखी ठेवलीय."

"गरम होते का हो?" मी विचारलं.

"छे! हात लावून बघा ना. दिवसभर चालू असली तरी अशीच असते."

तिने डबी माझ्या हातावर ठेवली. आईंची बोटं माझ्या दंडावर घट्ट झाली. बाळाने तोंड उघडलं, चेहरा लाल झाला, ते रडत होतं आणि काही ऐकू येत नव्हतं.

डबी थंड होती.